अडीच महिन्यांचे मोल
(मेंदूच्या कर्करोगावरील उपचारांची हकिकत)

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला आणि मी विषय सांगितला, तेव्हा दोघीतिघींनी नाके मुरडली. "अहो काकू, आनंदाच्या अंकात हा कसला विषय?" असे एकीने स्पष्टच विचारले. त्यांचे म्हणणे मला पटले नाही असे नाही. परंतु ज्या घरात हा आजार शिरतो त्या घराला आनंदाचा अंक आणि दुःखाचा अंक असा भेद करता येत नाही. शिवाय हा लेख मी कोणाला तरी देऊ केला होता. ते वचन पुरे करण्याची हीच जागा आहे.

गोष्ट अशी की, आपल्या मंडळातील एका वहिनींच्या यजमानांना काही वर्षांपूर्वी मेंदूत गाठ झाल्याचे निदान झाले. नाव सांगत नाही, तथापि त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. तुकडा तपासून आला तेव्हा डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितले : ग्लायोब्लास्टोमा. वहिनी त्या संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही पुस्तके वाचता. पूर्वी या रोगाने माणसे जात, आता औषधे निघाली म्हणतात. मग यांना किती दिवस मिळतील हो? पूर्वीपेक्षा जास्त की तेवढेच?"

मी डॉक्टर नाही. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचत गेले, जाणकारांना विचारत गेले, आणि जे कळले ते असे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेंदूतील प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. मेंदूच्या आवरणावर वाढणाऱ्या कित्येक गाठी सौम्य असतात, शस्त्रक्रियेने निघतात आणि माणूस पुढे वर्षानुवर्षे संसार करतो. परंतु मेंदूच्या आतील आधारपेशींतून जे अर्बुद उठते त्यातील सर्वांत तीव्र प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. अमेरिकेतील नोंदी पाहिल्या तर वर्षाला लाखात सुमारे ३ माणसांना तो होतो. म्हणजे रोग विरळा. परंतु ज्याच्या दारी येतो त्याच्या लेखी लाखाचा हिशेब काय कामाचा?

आता मागे जाऊ. २५ नोव्हेंबर १८८४ या दिवशी लंडनच्या एका लहानशा रुग्णालयात रिकमन गॉडली नावाच्या शल्यविशारदाने २५ वर्षांच्या एका स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडली. या तरुणाला डाव्या अंगाला आकड्या येत, हात लुळा पडत चालला होता, डोकेदुखी आणि ओकाऱ्या थांबत नव्हत्या. त्या काळी क्ष-किरणांचाही शोध लागलेला नव्हता. तो लागला १८९५ साली. मग गाठ कोठे आहे हे कळले कसे? ह्यूज बेनेट या वैद्याने केवळ लक्षणांवरून अनुमान बांधले. मेंदूचा कोणता भाग कोणता अवयव हालवतो याचे नकाशे डेव्हिड फेरियर या संशोधकाने नुकतेच तयार केले होते. त्यावरून बेनेटने सांगितले, गाठ उजव्या बाजूला, अमुक जागी असावी. गॉडलीने तेथेच उघडले आणि आक्रोडाएवढी गाठ नेमकी तेथेच सापडली!

आकड्या थांबल्या, डोकेदुखी गेली. परंतु जखमेत पू झाला आणि सुमारे ४ आठवड्यांनी तो तरुण दगावला. विशेष हे की, जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांचा गॉडली हा सख्खा पुतण्या-भाच्याच्या नात्यातला. घरचे ज्ञान एवढे मोठे, तरी जंतूंनी डाव साधलाच. असो. मेंदूतील गाठ जागेवरून ओळखता येते आणि काढताही येते, एवढे मात्र जगाला पटले.

पुढची पन्नास वर्षे अमेरिकेतील हार्वे कुशिंग यांची म्हणावी लागतील. मेंदूला हात लावला की रक्त वाहू लागे आणि रुग्ण टेबलावरच जाई. कुशिंग यांनी रक्तवाहिन्या दाबून धरण्यासाठी चांदीचे बारीक चाप वापरात आणले. १९२६ साली विल्यम बोव्ही या शास्त्रज्ञाने बनविलेले विजेचे उपकरण घेऊन ते रक्तस्राव जागीच थांबवू लागले. शस्त्रक्रियेतच मरणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्या हाताखाली झपाट्याने उतरले. त्याच १९२६ साली कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या दोघांनी या अर्बुदांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कशी दिसते आणि तो रुग्ण नंतर किती काळ जगला, या दोन गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. तेव्हापासून निदान म्हणजे केवळ नाव उरले नाही. त्या नावामागे काळाचा अंदाज आला.

परंतु सर्वांत तीव्र गाठीपुढे चांगला हातही थिटा पडे. याचे कारण शिकविले ते वॉल्टर डँडी यांच्या धाडसाने. १९२८ साली त्यांनी असे जाहीर केले की, काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग त्यांनी संपूर्णपणे काढून टाकला. डावे अंग आधीच लुळे झालेले ते रुग्ण होते. अर्धा मेंदू काढल्यावर तरी रोग मुळासकट जाईल ना? पण तसे झाले नाही. रोग परत आलाच. वाळवीचे वारूळ वरून दिसते तेवढेच नसते. तिच्या वाटा लाकडात दूरवर गेलेल्या असतात. या अर्बुदाच्या पेशीही तशाच डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या मेंदूत पसरलेल्या असतात. म्हणजे केवळ सुरीने हा रोग सुटणार नाही, हे त्या काळीच उघड झाले होते.

त्या काळचे दुःख समजायचे तर जॉर्ज गर्श्विन या अमेरिकन संगीतकाराची आठवण काढावी. १९३७ साली त्यांना डोकेदुखी, भोवळ, आणि कोठेही काही जळत नसताना रबर जळल्याचा वास येऊ लागला. मनाचा आजार असावा, हिस्टेरिया असावा, असा समज झाला. शेवटी शुद्ध हरपली तेव्हा धावाधाव झाली. चेसापीक उपसागरात नौकेवर असलेल्या डँडी यांना शोधून काढण्यापर्यंत मजल गेली. परंतु वेळ निघून गेली होती. ११ जुलै १९३७ रोजी, शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी ते वारले.

यानंतर जे बदल झाले त्यांतील काहींनी आयुष्य फारसे लांबविले नाही, परंतु उरलेले आयुष्य सुसह्य केले. १९६१ साली अमेरिकेतील गॅलिसिच आणि फ्रेंच या डॉक्टरांनी दाखवून दिले की, डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाने गाठीभोवतीची सूज उतरते. अंथरुणाला खिळलेला रुग्ण एकदोन दिवसांत उठून बसतो, बोलू लागतो. आजही या रोगात हे औषध दिले जाते. आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विंबल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर एका स्त्रीच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन झाले. कवटी न उघडता आतले दिसू लागले. बेनेटला जे तर्काने ओळखावे लागले होते ते आता चित्रात उमटू लागले. या यंत्राबद्दल हाउन्सफील्ड यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रश्न रेडिएशनचा, ज्याला आपल्याकडे साध्या बायकाही 'शेक देणे' किंवा 'लाईट देणे' म्हणतात. किरणे देण्याची पद्धत जुनी होती, परंतु त्याने खरोखर आयुष्य वाढते का, हे कोणी मोजून पाहिले नव्हते. ते मोजले एका अमेरिकन अभ्यासाने, ज्याचा निकाल १९७८ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले. एका गटाला केवळ शुश्रूषा, दुसऱ्याला बीसीएनयू नावाचे औषध, तिसऱ्याला किरणे, चौथ्याला किरणे व औषध दोन्ही.

येथे एक शब्द समजून घेऊ, कारण पुढे तोच वारंवार येणार आहे. डॉक्टर ज्याला 'मीडियन' म्हणतात तो मध्यक म्हणजे असे : शंभर माणसे ओळीत उभी केली, सर्वांत कमी जगलेला एका टोकाला आणि सर्वांत जास्त जगलेला दुसऱ्या टोकाला, तर मधोमध जो येईल त्याचा काळ. म्हणजे निम्मी माणसे त्याच्या आधी जातात आणि निम्मी त्याच्यानंतरही असतात.

तर त्या अभ्यासात केवळ शुश्रूषा मिळालेल्यांचा मध्यक १४ आठवडे भरला. औषधाच्या गटाचा साडेअठरा. किरणांच्या गटाचा ३५ आणि दोन्ही मिळालेल्यांचा साडेचौतीस. सुमारे सव्वातीन महिन्यांचे आठ महिने झाले. म्हणजे दुपटीहून अधिक. शस्त्रक्रियेनंतर किरणे द्यावीत हा रिवाज यानंतर पक्का झाला. पण औषधाची जोड देऊन मध्यक पुढे सरकला नाही, हेही त्याच आकड्यांनी सांगितले.

यानंतरची पंचवीस वर्षे फार कठीण गेली. औषधांमागून औषधे आली आणि निराशा करून गेली. मेंदूभोवती निसर्गाने एक पहारा ठेवलेला आहे. रक्तातले वाटेल ते तो आत सोडत नाही. आपल्या रक्षणासाठीच तो पहारा आहे, परंतु औषधालाही तो अडवतो. २००२ साली १२ अभ्यासांतील ३,००४ रुग्णांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा किरणांसोबत औषधे दिली असता वर्षभर जगणारे शंभरात ४० चे ४६ होतात, एवढाच लाभ दिसला. काही नाही म्हणता येईना, आणि पुष्कळ आहे असेही म्हणता येईना.

याच सुमारास टेमोझोलोमाइड नावाचे औषध पुढे आले. त्याचा जन्म इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात, माल्कम स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेत, १९८० नंतरच्या दशकात झाला. याचे दोन गुण. एक, ते तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलमध्ये मिळते, शिरेत सुई लावून बसावे लागत नाही. दुसरा, मेंदूच्या त्या पहाऱ्यातून ते बऱ्याच अंशी आत जाते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील रॉजर स्टुप यांना वाटले की, रोग परतल्यावर हे औषध देण्यापेक्षा आरंभीच, किरणांच्या सोबत रोज थोडे थोडे द्यावे. ६४ रुग्णांवर त्यांनी ते करून पाहिले आणि २००२ साली त्याचा वृत्तांत दिला. निकाल उत्साहाचा होता. परंतु थोड्या रुग्णांवरून भुलण्याचे दिवस आता राहिले नव्हते.

म्हणून युरोप आणि कॅनडातील संस्थांनी मिळून मोठा अभ्यास केला. १५ देश, ८५ रुग्णालये, ५७३ रुग्ण. पुन्हा तीच चिठ्ठीची पद्धत. निम्म्यांना केवळ किरणे : सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, एकूण ३० वेळा. उरलेल्यांना तीच किरणे आणि त्या काळात रोज टेमोझोलोमाइड. नंतर महिन्यातून ५ दिवस, असे सहा महिने. मार्च २००५ मध्ये निकाल छापून आला. केवळ किरणांच्या गटाचा मध्यक १२.१ महिने, औषधाची जोड मिळालेल्यांचा १४.६ महिने.

म्हणजे लाभ किती? अडीच महिने.

हा आकडा प्रथम वाचला तेव्हा, खरे सांगते, मी पुस्तक मिटून ठेवले. एवढी विद्वत्ता, पंधरा देश, आणि फळ काय, तर अडीच महिने! वहिनींना हे कोणत्या तोंडाने सांगावे? परंतु दुसऱ्या दिवशी पुढची ओळ वाचली. दोन वर्षांनंतर हयात असणारे, केवळ किरणांच्या गटात शंभरात १०. औषधाच्या गटात शंभरात २६. आणि २००९ साली याच रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब आला, तो असा : केवळ किरणांच्या गटात शंभरात सुमारे २ हयात, औषधाच्या गटात शंभरात जवळजवळ १०.

मघाची ओळ डोळ्यांपुढे आणा. मधोमध उभा असलेला माणूस अडीच पावलेच पुढे सरकला आहे. परंतु ओळीचे शेवटचे टोक पाहा! तेथे पूर्वी दोघे उभे होते, आता दहा जण आहेत. मध्यक मधल्या माणसाची हकिकत सांगतो. टोकाच्या आठ जणांची सांगत नाही. आणि मधला माणूस म्हणजे आपला माणूस असेलच, असे कोठे आहे?

हे आठ कोण, याचाही थोडा उलगडा झाला आहे. लोझानच्याच मोनिका हेगी या संशोधक बाईंनी त्या अभ्यासातील २०६ रुग्णांच्या गाठींचे तुकडे तपासले. प्रत्येक पेशीत दुरुस्ती करणारे एक द्रव्य असते. त्याला एमजीएमटी म्हणतात. औषधाने कर्करोगाच्या पेशीला केलेली इजा हे द्रव्य भरून काढते आणि औषध वाया जाते. सुमारे ४५ टक्के रुग्णांच्या गाठीत या दुरुस्तीच्या कारखान्याला कुलूप लागलेले आढळले. अशांना औषध व किरणे मिळाली तेव्हा मध्यक २१.७ महिने झाला आणि शंभरात ४६ जण दोन वर्षांपुढे गेले. ज्यांचा कारखाना चालू होता, त्यांना औषधाचा लाभ फार थोडा झाला. म्हणून आज गाठीचा तुकडा काढल्यावर ही तपासणीही करतात. त्यावरून औषध द्यायचे की नाही, हे विशेषतः वृद्ध रुग्णांत ठरविता येते.

आता वहिनींच्या प्रश्नाचा दुसरा भाग. अभ्यासातले रुग्ण निवडलेले असतात. त्यांचे वय ७० च्या आत होते, प्रकृती बरी होती. मग बाहेरच्या जगात, जेथे कोणी म्हातारे असते, कोणी अशक्त असते, तेथे काय झाले? अमेरिकेत कर्करोगाच्या रुग्णांची सरकारी नोंद ठेवतात. त्या नोंदींवरून २००० ते २००३ आणि २००५ ते २००८ अशा दोन काळांची तुलना केली गेली. सर्व रुग्ण धरले तर मध्यक सुमारे ८ महिन्यांवरून पावणेदहा महिन्यांच्या जवळ गेला. म्हणजे सुधारणा खरी, पण अभ्यासात दिसली त्याहून थोडकी. औषध तेच, फरक माणसाच्या वयात, प्रकृतीत, आणि पूर्ण उपचार मिळतात की नाही यात असतो.

वृद्धांना वगळून चालणार नव्हते. २०१७ साली ६५ वर्षे व त्यापुढील ५६२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना सहा आठवड्यांऐवजी तीनच आठवडे किरणे दिली. केवळ किरणांचा मध्यक ७.६ महिने, औषधाची जोड दिल्यावर ९.३. उपचार थोडक्यात आटोपून घरी परतायला मिळाले, हाही एक लाभच म्हणायचा.

जे प्रयोग फसले तेही सांगायला हवेत. बेव्हासिझुमॅब नावाच्या औषधाने स्कॅनवरील चित्र सुधारे. फार आशा होती. २०१४ साली दोन मोठ्या अभ्यासांचे निकाल आले आणि आरंभीच ते दिल्याने एकूण आयुष्य वाढत नाही, असे ठरले. चित्र सुधारणे आणि माणूस जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळले. दुसरीकडे, २०१७ साली डोक्यावर विद्युत्क्षेत्राची पट्टे असलेली टोपी घालण्याच्या उपायाचा अभ्यास आला. ६९५ रुग्णांत मध्यक १६ महिन्यांवरून २०.९ महिन्यांवर गेला. परंतु डोके भादरून दिवसाचे अठरा तास ती टोपी वागवायची आणि तिचा खर्चही मोठा. म्हणून ती सर्वांना पेलणारी नाही. शल्यविशारदांचे कामही सुधारले. जर्मनीतील वॉल्टर स्टुमर यांनी २००६ साली दाखविले की, रुग्णाला आधी एक औषध पाजले तर निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी चमकते, आणि संपूर्ण गाठ काढता येण्याचे प्रमाण शंभरात ३६ वरून ६५ वर जाते.

एवढे सारे होऊनही रोग नमला असे कोणी समजू नये. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांचे निदान मे २००८ मध्ये झाले, ते २५ ऑगस्ट २००९ रोजी वारले. सिनेटर जॉन मॅक्केन यांचे निदान जुलै २०१७ मध्ये. ते २५ ऑगस्ट २०१८ रोजी गेले. पैसा, ओळख, डॉक्टर, कशालाच तोटा नव्हता. येथे राव आणि रंक यांत हा रोग फारसा भेद करत नाही.

मात्र याच मेंदूच्या इतर अर्बुदांत चित्र बरेच उजळले आहे, तेही ऐका. लहान मुलांच्या लहान मेंदूत मेडुलोब्लास्टोमा नावाची गाठ होते. कुशिंग यांनी १९३० साली ६१ मुलांची हकिकत दिली, त्यांपैकी तीन वर्षांनंतर एकच जिवंत होते. रोग मेंदूतील पाण्यावाटे पाठीच्या कण्यापर्यंत जातो, हे ओळखून मँचेस्टरच्या पॅटर्सन आणि फार यांनी संपूर्ण मेंदू व कणा यांना किरणे दिली. १९५३ च्या त्यांच्या वृत्तांतात तीन वर्षे जगणारी मुले शंभरात ६५ होती. आज योग्य उपचार मिळाले तर मध्यम धोक्याच्या गटातील शंभरात ८० हून अधिक मुले पाच वर्षांपुढे जातात. कोणा आईला हे आकडे कोरडे वाटतील का?

तसेच मंद वाढणाऱ्या अर्बुदांचे. किरणांनंतर तीन औषधांचा एक जुनाच संच दिला, तर मध्यक ७.८ वर्षांवरून १३.३ वर्षांवर जातो, हे २०१६ साली सिद्ध झाले. येथे महिन्यांचा नव्हे, वर्षांचा हिशेब आहे. या अभ्यासात रुग्ण घेणे २००२ साली संपले होते. उत्तरासाठी पुढे चौदा वर्षे थांबावे लागले.

या कामात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात २०० मुले व तरुण रुग्णांचा अभ्यास केला. या सर्वांच्या गाठी सौम्य वा मंद वाढीच्या होत्या. निम्म्यांना जुन्या पद्धतीने आणि निम्म्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम नेमकी किरणे दिली. २०१७ साली निकाल आला : नेमक्या किरणांनी मुलांची बुद्धी अधिक चांगली टिकली आणि ग्रंथींचे विकारही कमी झाले. मूल वाचले एवढ्यावर समाधान न मानता ते शाळेत शिकू शकेल का, हा प्रश्न आपल्या शहरातल्या डॉक्टरांनी विचारला, याचा मला फार अभिमान वाटला.

एक सावधगिरी. २००८ साली या गाठींतील आयडीएच नावाच्या जनुकाचा बदल सापडला. तो बदल असलेल्या रुग्णांचे आयुष्य बरेच अधिक असते. पूर्वी त्यांतील काहींची गणना ग्लायोब्लास्टोमातच होत असे. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यांना निराळे काढले. म्हणून जुने आकडे आणि नवे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करू नये. आणि कोणाच्या नात्यातले 'याच रोगाचे' माणूस पंधरा वर्षे जगले असे ऐकले, तर तो रोग खरोखर हाच होता का, हेही विचारावे.

आता त्या वहिनींकडे वळते. निदान झाल्यावर त्यांच्याकडे एक गृहस्थ कसलीशी पूड घेऊन आले होते. "शेक बंद करा, तीन महिन्यांत गाठ विरघळवतो," असे त्यांचे म्हणणे. घरातील वडीलधाऱ्यांचा कल तिकडे झुकू लागला होता. वहिनींनी मला विचारले, तेव्हा मी एवढेच म्हटले की, "त्यांना विचारा, तुमच्या शंभर रुग्णांपैकी दोन वर्षांनंतर किती होते? डॉक्टर ते सांगतात. वाईट आकडा असला तरी सांगतात." त्या गृहस्थांना उत्तर देता आले नाही. वहिनींनी यजमानांचे सहा आठवडे पूर्ण केले, कॅप्सूल घेतल्या. मधे रक्तातील पेशी उतरल्या म्हणून एकदा थांबावे लागले. ते एकूण १७ महिने राहिले.

"अडीच महिने म्हणजे फार नाहीत हो काकू," असे वहिनी मला पुढे म्हणाल्या. "पण त्याच दिवसांत यांनी मला बँकेचे फॉर्म भरायला शिकवले. प्रत्येक कागद माझ्या हातून लिहून घेतला. विम्याचे, घराचे, सगळे. लग्नाला तीस वर्षे झाली, तेवढ्यात कधी शिकवले नव्हते. आणि रोज संध्याकाळी गॅलरीत बसून चहा." एवढे बोलून त्या थांबल्या. मलाही पुढे काही विचारवले नाही.

भगिनींनो, १८८४ सालापासूनच्या या हकिकतीत मोठमोठ्या डॉक्टरांची नावे आली. परंतु मला राहून राहून आठवण येते ती नाव नसलेल्यांची. ज्या स्त्री-पुरुषांनी चिठ्ठीत जे निघेल ते पत्करले आणि आपला आकडा जगाला दिला, त्यांची. ५७३ पैकी निम्म्यांना नवे औषध आरंभी मिळाले नाही. ते मिळाले नाही म्हणूनच त्याचा गुण सिद्ध झाला, आणि आज आपल्या गावातील रुग्णाला ते मिळते. कोणत्या देशातील कोण बाई, कोण बुवा; त्यांचे ऋण आपल्या वहिनींच्या गॅलरीतील चहावर आहे.

शेवटी दोन गोष्टी मंडळासाठी. सतत वाढत जाणारी, सकाळी अधिक जाणवणारी डोकेदुखी आणि त्याबरोबर ओकाऱ्या, प्रौढ वयात प्रथमच आलेली आकडी, हातापायात वाढता अशक्तपणा, बोलण्यात वा स्वभावात अचानक फरक, असे काही दिसले तर 'मनाचे असेल' म्हणून घरी बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक डोकेदुखी साधी असते, म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही. आणि दुसरे : सहा आठवडे रोज रुग्णालयात जाणे हे एका बाईच्या बळावर होत नाही. त्या वेळी आपल्यातील पाचजणींनी वार वाटून घेतले होते. कोणी सोबत गेली, कोणी डबा दिला, कोणी मुलीचा अभ्यास घेतला. मंडळाच्या इतिवृत्तात याची नोंद नाही. या स्मरणिकेत ती असावी, म्हणून हा लेख.